पोट दुखतं, मणका किडतो

पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मणकेही येतात. ते वगळून पोटाचं चित्र काढताच येत नाही. प्रत्येक आडव्या कापात पुढे आतडी, बाजूला मूत्रपिंडं आणि मागे मधोमध मणका असतो. पोटाच्या साध्या एक्स-रेवरसुद्धा कमरेचे मणके दिसतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या सोआस स्नायूची कड दिसते. तरीही मणक्याचा क्षय या फिल्मवर समोर असून सुटतो आणि रुग्ण तीच फिल्म पिशवीत घालून पुढच्या डॉक्टरांकडे जातो. चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ लिहिलेलं असतं, म्हणून बघणारा पोट बघतो.

हे सुटणं कसं घडतं आणि ते कुठे अडवता येईल, याचा हा आढावा आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो दवाखान्यात सुरू होत नाही. तो घरात सुरू होतो, जेवणानंतर कुणीतरी पोट धरून बसतं तिथे.

आधी आवाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी २६ टक्के भारतात होते, म्हणजे सुमारे २८ लाख. क्षयाच्या एकूण रुग्णांत मणक्याच्या क्षयाचे १ ते २ टक्के धरले जातात. टक्केवारी किरकोळ वाटते, पण हिशेब मांडला तर आपल्या देशात दरवर्षी निदान पंचवीस-तीस हजार माणसं होतात, कदाचित त्याच्या दुप्पट. हाडासांध्यांच्या क्षयात निम्मे रुग्ण मणक्याचेच असतात. त्यांतल्या बहुतेकांची पाठ दुखतेच, हे इथेच सांगून टाकतो. फक्त पोट दुखतं आणि पाठ अजिबात नाही, असे रुग्ण थोडे. पण पाठ थोडी आणि पोट जास्त, किंवा पाठदुखीची सवय झालेली आणि पोटदुखी नवी, असे रुग्ण बरेच असतात. डॉक्टरांपुढे बसल्यावर माणूस नव्या दुखण्याबद्दल बोलतो. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला पाठ दुखते हे सांगण्यासारखं वाटतच नाही.

डॉक्टर मंडळी या आजाराला ‘पॉट्स स्पाइन’ किंवा ‘कॉक्स स्पाइन’ म्हणतात. जुन्या केसपेपरांवर ‘कॅरीज स्पाइन’ सापडेल. कॅरीज म्हणजे कीड, दाताला लागते तीच. घरातली म्हातारी माणसं ‘हाड किडलं’ म्हणतात तेव्हा ती नकळत तोच शब्द वापरत असतात, आणि तो अचूक आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसातून किंवा एखाद्या गाठीतून रक्तावाटे मणक्यात पोचतात आणि दोन मणक्यांमधल्या चकतीला लागून असलेल्या कडेत, बहुधा पुढच्या बाजूला, घर करतात. पुढची बाजू म्हणजे पोटाकडची. तिथलं हाड हळूहळू पोखरलं जातं, चकतीची जागा अरुंद होते, मणका पुढून बसतो आणि मागे पाठीवर टोक उमटतं. छातीचे शेवटचे आणि कमरेचे पहिले मणके या आजाराच्या सर्वांत आवडीचे. नेमक्या याच मणक्यांचं पोटाशी सर्वांत जवळचं नातं आहे.

ते नातं दोन वाटांनी आहे. पहिली वाट नसांची. छातीच्या सातव्यापासून बाराव्या मणक्यापर्यंतच्या नसा पाठीतून निघून बरगड्यांच्या कडेने वळसा घेत पुढे येतात आणि पोटाच्या भिंतीत संपतात. सातवी-आठवी नस छातीच्या खड्ड्याखाली, दहावी बेंबीच्या पातळीवर, बारावी ओटीपोटाच्या तळाशी. मुळाशी सूज किंवा पू यांनी नस दाबली गेली की दुखणं तिच्या टोकाला जाणवतं, म्हणजे पोटावर. आठव्या नसेची कळ ॲसिडिटीसारखी वाटते. उजवीकडची नववी पित्ताशयाच्या खड्यासारखी, अकरावी-बारावी मुतखड्यासारखी किंवा अंडाशयाच्या दुखण्यासारखी. जठर, आतडी, मूत्रपिंडं यांच्या संवेदनाही मज्जारज्जूच्या याच पातळ्यांवर पोचतात, म्हणून हाक कुठून आली हे मेंदूला नीट ओळखता येत नाही. रुग्णाची यात काही चूक नसते. त्याला पोटच दुखत असतं.

या वाटेवरचं दुखणं ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पट्टा आवळल्यासारखं पाठीकडून पुढे येणं ही एक. जेवणाशी, शौचाशी, पाळीशी संबंध नसणं ही दुसरी. खोकताना, शिंकताना, कूस बदलताना, एसटीच्या धक्क्याने वाढणं ही तिसरी. तपासणाऱ्याच्या हाताशी आणखी एक साधी चाचणी आहे, १९२६ साली कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जनने सांगितलेली. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि उताणं झोपलेल्या रुग्णाला हात न टेकता डोकं नि खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर आतले अवयव बोटापासून झाकले जातात. दुखणं आतलं असेल तर ते कमी होतं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतलं किंवा भिंतीकडे येणाऱ्या नसेतलं असण्याचा संभव जास्त. या चाचणीने क्षय सिद्ध होत नाही, पण मागे वळून बघायला हवं हे कळतं. अर्धं मिनिट लागतं. पैसे लागत नाहीत.

दुसरी वाट पुवाची, आणि ती मी घरात पाहिली आहे.

माझ्या आतेबहिणीचं उजवं ओटीपोट दुखायला लागलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. ताप बारीक, संध्याकाळचा. भूक गेलेली. झोपताना ती उजवा पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपायची आणि पाय सरळ केला की कळवळायची. तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स सुजल्यासारखं दिसतंय म्हणाले, ऑपरेशन झालं. काढलेल्या अपेंडिक्सच्या रिपोर्टमध्ये विशेष काही निघालं नाही. टाके सुकले, दुखणं तसंच राहिलं. मग ‘आतून चिकटलं असेल’, मग ‘गॅस’, मग ‘टेन्शन’. चार महिन्यांनी एका रविवारी न्हाण्याआधी आत्या तिच्या पाठीला तेल लावत होती. बोटं कमरेच्या वर एका जागी अडखळली. आत्या म्हणाली, “इथं काहीतरी टोचतंय गं हाताला.” मणक्यांच्या रांगेतलं एक टोक बाहेर आलं होतं. पाच डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं होतं. पाठ तोपर्यंत कुणी उघडी केली नव्हती.

तिच्या पोटात जे होतं त्याला सोआस गळू म्हणतात. सोआस हा स्नायू शेवटच्या छातीच्या आणि कमरेच्या मणक्यांवरून निघतो, पोटाच्या मागच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि जांघेखालून मांडीच्या हाडाला जाऊन चिकटतो. त्याच्याभोवती खोळ असते. मणक्यातला पू या खोळीत उतरला की नळीतून पाणी वाहावं तसा खाली सरकत राहतो. उजवीकडे तो अपेंडिक्सच्या अगदी मागे असतो, म्हणून अपेंडिक्सचा भास. आणखी खाली जांघेत आला की फुगवटा दिसतो आणि हर्नियाचा भास. पाय सरळ केला की स्नायू ताणला जातो, म्हणून माणूस मांडी वाकवून ठेवतो आणि लंगडतो. मग खुब्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि सगळे निश्चिंत होतात. हे गळू ‘थंड’ असतं. कातडी लाल होत नाही, गरम लागत नाही, ठणका नसतो. गळू म्हणजे ठणका, या आपल्या समजुतीत ते बसत नाही.

हा आजार नवा नाही. इजिप्तमधल्या थीब्जच्या नेस्पेरेहान नावाच्या पुजाऱ्याची ममी सुमारे तीन हजार वर्षांची आहे. १९१० साली एलियट स्मिथ आणि रफर यांनी तिचं वर्णन केलं. त्या देहाच्या पाठीत कोसळलेले मणके आहेत आणि पोटाच्या मागे सोआस गळू आहे. त्या माणसालाही जांघेत दुखलं असेल, पाय आखडला असेल. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जनने १७७९ मध्ये पाठीचं कुबड आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड घातली, म्हणून आजाराला त्याचं नाव. पण कारण त्यालाही माहीत नव्हतं. ते २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉकने क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा समजलं. पुढेही घरोघर कारण म्हणून सांगितलं जात राहिलं ते पडण्याचं. इटलीचा विचारवंत आंतोनिओ ग्राम्शी लहानपणी कुबडा झाला. सांभाळणाऱ्या बाईच्या हातून पडला म्हणून असं झालं, असं घरचे मानत. पाठ सरळ व्हावी म्हणून त्याला छताच्या तुळईला टांगत. पॉट्सचा आजार असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं ते १९३३ साली, तो मुसोलिनीच्या तुरुंगात असताना. तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता.

आपल्याकडेही ‘पडल्यामुळे’ हे कारण जिवंत आहे. त्याच्या शेजारी आणखी काही आहेत. बाळंतपणानंतर पाठ आणि ओटीपोट दुखायला लागलं की ‘सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्याचं आहे’ असं म्हटलं जातं, आणि बाई दोन-दोन वर्षं ते अंगावर काढते. कंबर आणि ओटीपोट दुखणं अंगावरून पांढरं जाण्याशी जोडलं जातं. पोटात कळ आली की ‘नाळ सरकली’ म्हणून चोळून घेतात. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची रीत अजून गेलेली नाही. पोखरलेल्या मणक्यावर अशी लाथ किंवा जोरात केलेली मालिश बसली तर मणका कोसळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. ज्यांनी ही रीत सांभाळली त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतोय आणि रात्री दुखणं वाढतंय, अशा माणसाच्या पाठीला तरी कुणी हात जोराने लावू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे.

लहान मुलांचं प्रकरण वेगळं आणि मला सर्वांत जास्त टोचणारं. मूल ‘पोटात दुखतं’ म्हणतं, कारण त्याच्याकडे दुखण्याला तोच एक शब्द असतो. शाळेत जायचा कंटाळा, जंत, चॉकलेटं अशी कारणं तयारच असतात. जुने सर्जन शिकवायचे की पोटदुखीच्या मुलाची पाठ पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. जमिनीवर एक नाणं टाकायचं आणि मुलाला उचलायला सांगायचं. निरोगी मूल पटकन कमरेतून वाकतं. मणका दुखत असलेलं मूल वाकत नाही. ते पाठ ताठ ठेवून गुडघे दुमडत उकिडवं बसतं, एक हात मांडीवर टेकवतं, बाजूने दुसरा हात खाली नेऊन नाणं उचलतं आणि मांडीवर हात टेकत टेकतच वर येतं. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. रात्री झोपेत किंचाळून उठणं ही दुसरी खूण. जागेपणी पाठीचे स्नायू आखडून मणका धरून ठेवतात, गाढ झोपेत ते सैल पडतात आणि मणका हलतो. मूल स्वप्न पडलं म्हणून ओरडलं असं आई समजते.

निदान चुकण्यामागे एक समज घट्ट बसलेला आहे: खोकला नाही म्हणजे टीबी नाही. मणक्याच्या क्षयाच्या निम्म्या किंवा अधिक रुग्णांत फुप्फुसाचा चालू आजार नसतो. थुंकी तपासून उपयोग नसतो, कारण थुंकीच येत नाही. लहानपणी बीसीजी टोचलेली असली तरी मोठेपणी तिचा भरवसा नाही. यात औषधांनीही डोळ्यांत धूळ फेकली जाते. पोट बिघडलं की आपल्याकडे ऑफ्लॉक्सॅसिन असलेली गोळी सर्रास दिली जाते. त्या कुळातली औषधं क्षयाच्या जंतूवर थोडंफार काम करतात. आठ दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, आणि निदान आणखी लांबतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर दुखणं तात्पुरतं थांबतं आणि आजार आत मोकळा सुटतो.

तपासण्यांच्या बाबतीत कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचं हे सांगायला हवं. मणक्याच्या ओळीवरून बोट फिरवणं, प्रत्येक टोकावर हलकं ठोकून पाहणं, ही पहिली तपासणी. साध्या एक्स-रेवर हाडातला साधारण एक तृतीयांश चुना गेल्याशिवाय फारसं काही दिसत नाही, म्हणून सुरुवातीचा ‘नॉर्मल’ एक्स-रे पुरावा मानू नये. रक्ताचा ईएसआर बहुधा वाढलेला असतो, पण तो शंभर कारणांनी वाढतो. एमआरआयवर आजार सर्वांत लवकर दिसतो आणि तो पूर्ण कण्याचा काढावा, कारण लांबच्या दुसऱ्या मणक्यातही आजार असू शकतो. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्याने मूत्रपिंडाच्या मागे प्रोब क्षणभर थांबवला तर सोआसमधला पू त्याला तिथेच दिसेल. सीटी काढलाच असेल तर रेडिऑलॉजिस्टला फोन करून ‘हाडांच्या विंडोमध्ये मणके बघा’ एवढं सांगावं. जवळजवळ फुकटचा हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवी यंत्रं लागत नाहीत. चिठ्ठीवर एक ओळ जास्त लागते.

पण उलटी चूकही तेवढीच होते, आणि ती सांगितल्याशिवाय आढावा अपुरा राहील. कारण सापडत नाही, मग ‘एकेटी सुरू करून बघू’. क्षयाच्या औषधांना आपल्याकडे एकेटी म्हणतात, आणि ती बघण्यासाठी सुरू करायची गोष्ट नाही. साठीच्या माणसाच्या कोसळलेल्या मणक्यात मायलोमा किंवा दुसरीकडून आलेला कर्करोग असू शकतो. गुरांशी संबंध असलेल्या माणसात ब्रुसेला. म्हणून सुईने पू किंवा हाडाचा तुकडा काढून तो सीबीनॅटवर, कल्चरला आणि पॅथॉलॉजीला पाठवायलाच हवा. सीबीनॅट दोनेक तासांत जंतू सांगतं आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही तेही सांगतं. औषधाला न जुमानणारा क्षय मुंबईत पसरलेला असताना ही पायरी टाळणं धोक्याचं. बॅटरीवर चालणारं, त्याच जातीचं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. उलट रक्तातली प्रतिपिंडं मोजून ‘टीबी आहे’ सांगणाऱ्या चाचण्यांवर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. मांटू ही कातडीवरची चाचणी किंवा ‘टीबी गोल्ड’ ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, इतकंच. आपल्या देशात ती कोट्यवधींची पडलेली आहे.

निदान पक्कं झालं की मात्र हा आजार बरा होतो. पूर्वी रुग्णांना प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने पाठीवर झोपवून ठेवत. १९५६ साली हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढून शिरून सडका भाग काढायची शस्त्रक्रिया मांडली आणि सर्जनांचा ओढा तिकडे गेला. मग साठच्या दशकात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरियातल्या मासान आणि पुसानमध्ये तुलना करून पाहिली: औषधं नीट घेतली तर खाटेवर पडून राहणाऱ्यांना किंवा प्लास्टर घालणाऱ्यांना हिंडणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मधला मार्ग’ मांडला. औषधं सर्वांना, ऑपरेशन गरज असलेल्यांनाच. ज्या देशात ऑपरेशन थिएटर गावापासून दोनशे किलोमीटरवर असतं तिथल्या माणसाने काढलेला हा मार्ग आहे आणि आजही तोच चालतो.

२०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचार बारा महिन्यांचे, गरजेनुसार अठरापर्यंत. पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. लघवी नारिंगी होईल, घाबरू नये. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा रंग फिके दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचार चालू असताना गळू आधी मोठं दिसू शकतं आणि एमआरआय महिनोन्‌महिने मागे रेंगाळतो, त्यावरून औषध लागू पडत नाही असं ठरवू नये. वजन, भूक, ताप, दुखणं यांवर लक्ष ठेवावं. चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, पाय अडखळतात, लघवी अडते: ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची खूण आहे आणि तिथे दिवस मोजायला वेळ नसतो. औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. कमरेचा पट्टा, एमआरआय आणि बुडालेला रोज यांच्यापुढे ते थोडे आहेत, पण नाव नोंदवलं तरच मिळतात. आणि फुप्फुसाचा आजार सोबत नसेल तर मणक्याचा क्षय शेजारी बसल्याने, ताटात जेवल्याने लागत नाही. लग्न ठरायचं असलेल्या मुलींचा आजार लपवून ठेवणाऱ्या घरांपर्यंत हे वाक्य पोचायला हवं.

आतेबहिणीचा पू सोनोग्राफीखाली सुईने काढला, वाटीभर निघाला. जंतू औषधाला दाद देणारे होते. तिने अठरा महिने गोळ्या घेतल्या, सकाळी चहाआधी, आत्या समोर उभी राहून द्यायची. आता ती वजन उचलते, एसटीने फिरते. पाठीवर कमरेच्या वर तो उंचवटा आहे, ब्लाऊज शिवताना शिंप्याला सांगावं लागतं. पोटावर उजवीकडे अपेंडिक्सच्या टाक्यांची खूण आहे.